पेटीतल्या बाळाची सिस्टर व्हायचं तर

नर्सिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की या सदराच्या टपालात करिअरची पत्रं वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी एकाच खोलीविषयी आहेत. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, आजारी तान्ही बाळं ठेवतात ती खोली. जिल्हा रुग्णालयात तिला एसएनसीयू म्हणतात, खासगीत एनआयसीयू, आणि घरोघरी ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ एवढंच. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून, जरा आटोपशीर करून इथे घेतली आहेत.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. मला लहान बाळांच्या आयसीयूतच काम करायचं आहे. थेट त्याचाच कोर्स करता येतो का? ओळखीतल्या एका काकांनी सहा महिन्यांचा ‘एनआयसीयू असिस्टंट’ कोर्स सुचवला आहे. (विद्यार्थिनी, राजापूर)

थेट करता येत नाही. आधी नर्स व्हायचं, मग नवजात बाळांची नर्स. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला ४५ टक्के, आणि वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या नर्सिंग सीईटीतून, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. दुसरा रस्ता जीएनएमचा. तीन वर्षांचा डिप्लोमा, तो आर्ट्स-कॉमर्सच्या बारावीवरही होतो. एएनएम दोन वर्षांचं आहे, पण ते उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपण या कामासाठी. एसएनसीयूतल्या स्टाफ नर्सच्या जागेला ते चालत नाही. तुझं सायन्स आहेच, तर बीएस्सी धर.

कोर्स संपला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची. मग किमान एक वर्ष काम, आणि त्यानंतर इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमाचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा इन निओनेटल नर्सिंग करता येतो. आमचं मत विचारशील तर तो दोन वर्षं बाळं हाताळल्यावर कर. त्याआधी केलास तर व्हेंटिलेटरचे मोड तोंडपाठ होतील, पण बाळाचा रंग उतरायला लागलेला दिसणार नाही.

सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल काकांना स्पष्टच सांग की त्याने कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नाही तर इंजेक्शनला हात लावायचा अधिकार नाही. फी भरण्यापूर्वी कॉलेजचं नाव दोन्ही कौन्सिलच्या याद्यांत यंदाच्या वर्षासाठी आहे का, ते स्वतः बघ. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं जुनं मान्यतापत्र त्याला पुरत नाही.

प्रश्न: जीएनएम झालं, नोंदणीही झाली. एका खासगी बाळांच्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय आणि जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत कंत्राटी जागेची जाहिरात आहे. सुरुवात कुठे करावी? (वाचक, चिपळूण)

पगार बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी विचारा. एका शिफ्टला एका सिस्टरकडे किती बाळं असतात? रात्री बालरोगतज्ज्ञ आवारात असतात की फोनवर? आणि नव्या सिस्टरला किती दिवस जुन्या सिस्टरच्या हाताखाली ठेवतात? एसएनसीयूच्या सरकारी मार्गदर्शनात दर तीन-चार बाळांमागे प्रत्येक पाळीत एक नर्स धरली आहे. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक नर्स पूर्ण लागते. ‘आमच्याकडे रात्री दोघी मिळून चौदा बाळं सांभाळतो’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर तिथे तुम्ही काम कराल, शिकणार नाही.

एसएनसीयूची जमेची बाजू म्हणजे बाळांची संख्या आणि प्रशिक्षण. नव्या नर्सला एफबीएनसी, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या देखभालीचं, प्रशिक्षण मिळतं, चार दिवस वर्गात आणि पुढे दोन आठवडे मोठ्या केंद्रात प्रत्यक्ष बाळांजवळ. ही संधी कागदावरच राहू नये म्हणून रुजू होतानाच इन्चार्ज सिस्टरच्या मागे लागा. उणी बाजू म्हणजे नोकरी कंत्राटी आणि मानधन बेताचं. कायम अधिपरिचारिकेची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, त्याच्या जवळपासही ते जात नाही. शिवाय एसएनसीयू हा मधल्या पायरीचा विभाग आहे. ऑक्सिजन, सीपॅप (नाकातून सतत हवेचा दाब देऊन श्वासाला आधार), फोटोथेरपी (काविळीसाठी निळी लाइट), सलाइन, नळीनं दूध हे तिथे भरपूर शिकाल. व्हेंटिलेटर, नाभीतली लाइन, सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) हे मेडिकल कॉलेजात किंवा मोठ्या खासगी एनआयसीयूत. आमच्या मते पहिलं वर्ष एसएनसीयूत जावं.

खासगीत गेलात तर एक पथ्य पाळा. मूळ प्रमाणपत्रं ‘जमा’ करू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या. बाँडवर सही करण्यापूर्वी तो घरी आणून सावकाश वाचा.

प्रश्न: रुजू होऊन पंधरा दिवस झाले. एवढी यंत्रं, एवढे आवाज, आणि हातात बाराशे ग्रॅमचं बाळ. कशापासून सुरुवात करू तेच कळत नाही. (स्टाफ नर्स, मालवण)

यंत्रांपासून करू नका. पहिल्या महिन्यात चार गोष्टी पक्क्या करा: हात, ऊब, श्वास, दूध. बाकीचं यांच्यावरच उभं राहतं.

हात. आत येताना कोपरापर्यंत साबणानं दोन मिनिटं धुवायचे, आणि प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी व नंतर अल्कोहोलचं रब २०-३० सेकंद, कोरडं होईपर्यंत. अंगठी, घड्याळ, बांगड्या काहीच नको. नवी लग्न झालेली मुलगी हिरवा चुडा काढायला कचरते, सासूबाई काय म्हणतील म्हणून. पण बांगडीखाली साबण पोचत नाही, आणि तिथले जंतू पुढच्या बाळाच्या कॅन्युलापाशी (शिरेत घातलेल्या नळीपाशी) जातात. चुडा डब्यात ठेवा, घरी जाताना घाला. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुतले असंही समजू नका. एकाच ग्लोव्हजनं तीन बाळं बघणाऱ्या हातापेक्षा नीट धुतलेला उघडा हात बरा.

ऊब. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. ३६.५ च्या खाली गेलं की बाळ ऑक्सिजन आणि साखर ऊब राखण्यात खर्च करायला लागतं. मग साखर उतरते, श्वास वाढतो, आणि आपण कारण फुप्फुसात शोधत बसतो. हाताच्या पाठीनं पोट आणि तळपाय चाचपायची सवय लावा. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळ थंडीशी झगडतंय, थर्मामीटर अजून नॉर्मल दाखवत असला तरी. दोन्ही गार लागले तर उशीर झालाय.

आपल्याकडे यात एक घोळ ठरलेला आहे. मे महिन्यातला कोकणातला दमटपणा, त्यात गाऊन आणि मास्क, म्हणून कुणीतरी एसी बावीसवर नेतं. सिस्टरला बरं वाटतं, बाळं गार पडतात. विभागाचं तापमान २६ ते २८ अंश हवं, आणि एसीचा झोत कुठल्याही वॉर्मरवर (वरून आच देणाऱ्या बाळाच्या पाळण्यावर) थेट यायला नको. एसीचा रिमोट इन्चार्जच्या ताब्यात असणं हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण तो चालतो.

वॉर्मरचा प्रोब नीट समजून घ्या, कारण अपघात तिथेच होतो. सर्व्हो मोडमध्ये वॉर्मर बाळाच्या कातडीचं तापमान प्रोबनं मोजतो आणि तेवढीच आच देतो. प्रोब पोटावर उजवीकडे, बरगड्यांच्या खाली चिकटवायचा. हाडावर नको आणि बाळाच्या अंगाखाली तर नकोच. तो सुटून गादीवर पडला की यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ते पूर्ण ताकदीनं तापवायला लागतं. तासाभरात बाळाला ३९ ताप, आणि मग संसर्ग समजून रक्ताच्या तपासण्या. उलट प्रोब बाळाच्या पाठीखाली दबला तर तो खोटा गरम दाखवतो, वॉर्मर आच कमी करतो आणि बाळ गारठतं. म्हणून दर वेळी बाळाला हात लावला की प्रोबकडे नजर गेलीच पाहिजे.

श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय मोठ्या माणसांच्या वॉर्डातली आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ भरभर श्वास घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. पंधरा सेकंदांचा तुकडा नेमका कुठला हाती लागला यावर आकडा वीसही येतो आणि ऐंशीही. मिनिटाला ६० च्या वर, बरगड्या आत ओढल्या जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, यांतलं काहीही दिसलं की वाट न बघता सांगा. श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबून हृदयाचे ठोके शंभराखाली आले किंवा रंग निळसर झाला, तर तो अॅपनिया. आधी मान सरळ करून तळपाय चोळा, तरीही श्वास सुरू झाला नाही तर अँबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. म्हणून बॅग आणि योग्य मापाचा मास्क त्या बाळाच्या वॉर्मरवरच हवा, कपाटात नको. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबर, अपुऱ्याला ०. ड्युटीवर आल्या आल्या बॅग तळहातावर दाबून बघा. झडप चिकटलेली असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

ऑक्सिजन हे औषध आहे. ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९० ते ९५ मध्ये ठेवतात. अलार्म खाली ८९ आणि वर ९६ ला लावा. वरचा अलार्म सतत वाजतो म्हणून शंभरावर नेऊन ठेवणं हा सर्रास चालणारा गुन्हा आहे. जादा ऑक्सिजननं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि बाळाची दृष्टी जाऊ शकते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा जन्मतः दोन किलोखालचं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांची तपासणी व्हायला हवी, फार लहान बाळांची त्याहून लवकर. डिस्चार्ज कार्डावर ‘डोळे दाखवा’ असं मोघम लिहू नका. तारीख आणि ठिकाण लिहा, आणि ते आईला वाचून दाखवा. देवगडच्या आतल्या गावातून तिला एसटी बदलत यायचं असतं.

दूध. नळी घालण्यापूर्वी मोजा: तोंडातून घालायची तर नाकाच्या मुळापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. खूण करा, चिकटपट्टी लावा आणि खूण हलली नाही ना ते प्रत्येक फीडला बघा. दूध सिरिंजच्या दांड्यानं ढकलायचं नाही. दांडा काढून सिरिंज उंच धरायची आणि दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं. ढकललेलं दूध उलटून श्वासात जातं. पोट फुगलं, हिरवा स्राव आला किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर पुढचं फीड थांबवून डॉक्टरांना बोलवा. गिळता यायला लागलेल्या बाळाला वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजतात. बोंडलं आपल्या आज्यांना ठाऊकच आहे. बाटली मात्र नाही. काढून ठेवलेलं आईचं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस. भांड्यावर नाव, तारीख, वेळ. बाळाला अजून नाव नसतं, आईच्या नावानं ‘बेबी ऑफ’ लिहितात; दोन ‘बेबी ऑफ’ची आडनावं सारखी निघाली की काय होतं ते सांगायला नको. केस पेपरचा नंबरही लिहा.

अलार्म वाजला की नजर बाळाकडे. रंग चांगला, छाती हलतेय, तर मग प्रोबची वायर तपासा. निळ्या लाइटखाली सॅच्युरेशनचा प्रोब उघडा असेल तर तो चुकीचं वाचतो, त्याच्यावर कापड घाला. तीन-चार तासांनी त्याची जागाही बदला, नाहीतर कातडी लाल होते.

प्रश्न: माझं गणित शाळेपासून कच्चं. डोस काढताना घाम फुटतो. (रत्नागिरी)

घाम फुटतो ते चांगलं लक्षण आहे. ज्यांना फुटत नाही त्यांच्याच हातून दशांश चिन्ह सरकतं. करायला फक्त गुणाकार-भागाकार लागतो, पण तो लिहून करायचा, डोक्यात नाही.

पहिल्या दिवसाचं सलाइन घेऊ. बाळ १८०० ग्रॅमचं. दीड किलो आणि त्यावरच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोला ६० मिली, त्याखालच्याला ८० मिली. १.८ गुणिले ६० म्हणजे १०८ मिली चोवीस तासांत. भागिले २४ म्हणजे तासाला ४.५ मिली. सिरिंज पंपावर ४.५ ऐवजी ४५ दाबलं गेलं, तर अख्ख्या दिवसाचं पाणी २ तास २४ मिनिटांत आत. म्हणून पंप सुरू केल्यावर अर्ध्या तासानं परत येऊन सिरिंजवरची रेघ बघायची. सव्वादोन मिली गेलंय का? पंपावरचा आकडा आणि सिरिंजमधलं पाणी जुळलं तरच पुढे. पंप नसेल तर मायक्रोड्रिपमध्ये साठ थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब हा एकच आकडा. पण मिनिटाला साडेचार थेंब हातानं टिकत नाहीत, बाळानं पाय हलवला की बदलतात. तेव्हा ब्युरेटमध्ये (सलाइनच्या नळीवरच्या खुणांच्या भांड्यात) दोन तासांपुरतंच, ९ मिली भरा. चूक झालीच तर तेवढ्यावर थांबेल.

आता इंजेक्शन. डॉक्टरांनी जेंटामायसिन किलोला ५ मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे या बाळाला ९ मिलिग्रॅम. कुपीवर ८० मिलिग्रॅम, दोन मिलीत, म्हणजे एका मिलीत ४०. हिशेब सांगतो ०.२२५ मिली. एवढं अचूक भरता येत नाही, आणि सुईच्या मुळाशी अडकून राहणारं औषधच या मापाला जड होतं. म्हणून पातळ करा: ०.२५ मिली औषध म्हणजे १० मिलिग्रॅम, त्यात नॉर्मल सलाइन घालून एक मिली पूर्ण करा, आणि त्यातलं ०.९ मिली द्या. यासाठी मिलीच्या शतांश खुणा असलेली एक मिलीची सिरिंज वापरा. इन्सुलिनची सिरिंज हाताशी असते म्हणून ती उचलू नका. लाल टोपणाची असेल तर एका मिलीत ४० युनिट, नारिंगी टोपणाची असेल तर १००. घाईत युनिट आणि मिली एकमेकांत मिसळले की डोस कितीपट गेला ते मागाहूनच कळतं.

आणखी दोन सवयी. अर्धा मिली ‘०.५’ असा लिहा, नुसता ‘.५’ नाही. पाच मिली ‘५’ असा, ‘५.०’ नाही. दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना ‘०.९ बरोबर ना?’ असं विचारू नका, ती मान हलवेल. वजन आणि कुपी तिच्या हातात द्या आणि तिचं उत्तर तिला काढू द्या. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल सलाइन आणि डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये कधीही नकोत. दिसायला सारख्या असतात आणि चूक जिवावर बेतते. कपाट वेगळं, कुलूप वेगळं.

प्रश्न: सलाइन लावायला २४ नंबरची कॅन्युलाही मोठी वाटते. (दापोली)

फार लहान बाळांना जांभळी २६ नंबरची मिळते, पिवळ्या २४ ची सवय मोठ्या बाळांवर करा. दोनदा प्रयत्न झाले की जुन्या सिस्टरला बोलवा, तिसरा करू नका. लावण्याइतकंच राखणं महत्त्वाचं. सुईचं टोक पारदर्शक पट्टीखाली दिसलं पाहिजे आणि दर तासाला तिथे बघितलं पाहिजे. चिकटपट्टीचे थरावर थर चढवले की सूज दिसत नाही. कॅल्शियम किंवा दाट डेक्स्ट्रोज बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडून गळते.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, वादळात तर दिवसदिवस. अशा ठिकाणी एनआयसीयू चालतो तरी कसा? आणि बाळ घाटावर पाठवायचं झालं तर नर्सनं काय बघायचं? (मुरूड)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा गावंच्या गावं किती दिवस अंधारात होती ते तुमच्या भागाला सांगायला नको. जनरेटर सुरू व्हायला लागणारी काही सेकंद-मिनिटं हीच खरी परीक्षा असते, आणि ती कधीतरी दिवसाढवळ्या, मुद्दाम मेन स्विच पाडून घेतली पाहिजे. कोण कुठल्या बाळाकडे धावणार हे पावसाआधी ठरवून ठेवा. व्हेंटिलेटरच्या बाळापाशी एकजण अँबू बॅग घेऊन. तिला वीज लागत नाही आणि ऑक्सिजन नसला तरी खोलीतल्या हवेवर ती चालते. मागे रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी) लावून ऑक्सिजन जोडला तर नव्वद टक्क्यांच्या वर देते, रिझर्व्हॉयरशिवाय चाळीसच्या आसपास. दाबण्याचा वेग मिनिटाला ४० ते ६०. छाती उचलली जाईल एवढंच दाबायचं, बोटांनी, मुठीनं नाही. बबल सीपॅप सिलिंडरवर चालू राहील, पण कॉम्प्रेसर बंद पडला की हवा मिसळत नाही आणि बाळाला नुसता ऑक्सिजन जातो. तेव्हा सॅच्युरेशनवर डोळा ठेवा. बुडबुडे थांबले तर बाळाचं तोंड उघडं आहे, प्राँग (नाकातल्या छोट्या नळ्या) निसटलेत किंवा नळीत पाणी साठलंय. ज्या बाटलीत नळी बुडवून दाब राखतात तिच्यातलं पाणी उडून पातळी खाली गेली की दाबही तेवढाच उतरतो, हे बाटलीवर पट्टी लावल्याशिवाय लक्षात येत नाही.

वॉर्मरवरच्या स्थिर बाळांना आईच्या छातीवर द्या. कांगारू मदर केअर १९७८-७९ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालं तेच मुळी पेट्या कमी पडल्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना ते दिवसाला ८ ते २४ तास करा म्हणते, वीज असतानाही. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन स्तनांच्या मध्ये उभं, तोंड एका बाजूला, मान किंचित वर म्हणजे श्वास अडत नाही, पाय बेडकासारखे. वरून मऊ सुती लुगड्यानं घट्ट बांधा. एका बैठकीला तासभर तरी. बाळंतीण थकली तर आजी किंवा बाबाही चालतात, अंगाला पावडर-अत्तर नको एवढंच.

घाटाचं म्हणाल तर सिंधुदुर्गातली बाळं कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीची आंबा घाटानं किंवा कुंभार्लीनं. १०८ ला फोन करण्याआधी पुढच्या हॉस्पिटलला फोन करा आणि पेटी रिकामी आहे का विचारा. निघण्यापूर्वी चार गोष्टी: तापमान, ऑक्सिजन, रक्ताभिसरण, साखर. छातीवर बोट पाच सेकंद दाबून सोडलं की तीन सेकंदांत रंग परतला पाहिजे. साखर ४५ च्या वर हवी. कमी असेल तर डॉक्टरांच्या आदेशानं १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला २ मिली देऊन मगच गाडी हलवा.

सिलिंडरचा हिशेब स्वतः करा. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला ६ लिटर लागत असतील तर २५० मिनिटं, म्हणजे चार तास आणि थोडं. रत्नागिरीहून कोल्हापूर पावसात, दरड पडून वाहतूक अडली तर? दुसरा सिलिंडर हवाच, आणि त्याची चावी गाडीत आहे हे निघण्यापूर्वी बघायचं. खाऱ्या हवेनं गंजून बसलेली चावी घाटात फिरत नाही. वळणांवर नळी आणि कॅन्युला सुटते, त्या जागा आधीच पक्क्या करा. आंबा किंवा आंबोलीला माथ्यावर हवा एकदम गार होते. गाडीचा एसी बंद, बाळ टोपी-मोज्यांत. शक्य असेल तर आई सोबत हवी, तिचं दूध बाळाच्या पुढे-मागे जाऊन उपयोग नाही.

प्रश्न: मुलगी एनआयसीयूत लागली आहे. बाळ गेलं की दोन दिवस जेवत नाही. तिला दुसऱ्या वॉर्डात जा म्हणू का? (एक आई, वेंगुर्ले)

ताई, लगेच नको. सुरुवातीला असं होतं. तिला दोन गोष्टी विचारून बघा. बाळ गेल्यानंतर विभागात सगळ्यांनी बसून काय झालं, काय करता आलं असतं, यावर बोलणं होतं का? आणि तिला त्या पाळीत एकटीला सांभाळावं लागलं का? जिथे बोलणंच होत नाही तिथे प्रत्येक मुलगी मनात स्वतःला दोषी धरते. इन्चार्ज सिस्टरशी तिनं हे बोलावं. महिनाभरानंतरही झोप येत नसेल, ड्युटीवर जाताना पोटात गोळा येत असेल, तर मात्र काही महिने बदली मागण्यात कमीपणा नाही.

आईवडिलांना काय सांगायचं हेही शिकावं लागतं. ‘होईल बरं’ असं म्हणू नये. उद्या तेच वाक्य सिस्टरच्या अंगावर येतं. ‘आज श्वासाला जास्त आधार लागतोय, डॉक्टर चार वाजता तुमच्याशी बोलतील’ हे सांगता येतं आणि ते खरं असतं. बाळ जाणार हे दिसत असेल तर आईला ते हातात घेऊ द्यावं, वेळेची घाई करू नये. आजी म्हणेल ‘बाळंतिणीला दाखवू नका’. आईला एकदा विचारावं, तिला काय हवंय ते तिलाच ठरवू द्यावं.

प्रश्न: मुलगा म्हणून या विभागात काम मिळतं का? (गुहागर)

मिळतं. जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही मुलांना खुली आहेत, विभागात तुम्हाला ‘ब्रदर’ म्हणतील. आईला दूध पाजायला मदत करताना संकोच दोघांनाही होतो, तेव्हा परवानगी विचारून, सहकारी सिस्टरला सोबत घेऊन काम करा. बाकी बाळाला सिस्टर कोण आणि ब्रदर कोण ते कळत नाही.

प्रश्न: गल्फमध्ये एनआयसीयू नर्सला मागणी आहे म्हणतात. कधी अर्ज करावा? (स्टाफ नर्स, खेड)

बहुतेक ठिकाणी त्याच विभागातला सलग दोन वर्षांचा अनुभव मागतात, मग कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी आणि प्रोमेट्रिकसारखी परीक्षा. इथे लोक अडतात ते अनुभवपत्रावर. नुसतं ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ उपयोगाचं नाही. विभागाचं नाव, खाटांची संख्या, रुजू व सोडल्याची तारीख, पूर्णवेळ काम, लेटरहेड आणि सही-शिक्का हवा. डेटाफ्लोवाले हॉस्पिटलला थेट विचारतात, तेव्हा नोकरी भांडून सोडू नका. दरम्यान वहीत रोज नोंद ठेवा, किती सीपॅप, किती व्हेंटिलेटर, किती रक्तबदल पाहिले. बाळाचं नाव मात्र लिहू नका. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघून मगच पासपोर्ट दाखवा.

प्रश्न: सोमवारी पहिली ड्युटी. सोबत काय नेऊ? (सावंतवाडी)

कापलेली नखं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पण मनगटावर नाही, खिशाला पिन करून. दोन पेनं, खिशात मावेल अशी वही, साधा कॅलक्युलेटर. मोबाइल लॉकरमध्ये. तो दिवसभर सगळीकडे हाताळला जातो आणि कुणी त्याला साबणानं धूत नाही. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून बाळांची माहिती, घ्यायला पंधरा मिनिटं आधी पोचा, आणि प्रत्येक बाळापाशी उभं राहून ओव्हर घ्या, टेबलापाशी बसून नाही.